मोतीबिंदूजन्य अंधत्वाचे मोजमाप (भारत)

मोतीबिंदूमुळे किती जणांची दृष्टी गेली, त्यांपैकी किती जणांवर शस्त्रक्रिया झाली आणि झालेल्यांना प्रत्यक्षात किती दिसू लागले, याचा लोकसंख्येच्या पातळीवर घेतला जाणारा शोध. अंधत्व-प्रतिबंधाच्या सार्वजनिक आरोग्य संशोधनातील ही शाखा भारतात विशेष वाढली. मोतीबिंदू होऊच नये असा खात्रीचा उपाय अजून हाती आलेला नाही. झालेला मोतीबिंदू मात्र काढता येतो. त्यामुळे इथला प्रश्न औषधापेक्षा पोहोचण्याचा आहे आणि कुठे पोहोचलो नाही हे मोजल्याशिवाय कळत नाही.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या १९७१–७४ च्या पाहणीत अंधत्वाचे प्रमाण १.३८ टक्के आढळले. त्यानंतर १९७६ मध्ये राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. दहा वर्षांनी, १९८६–८९ च्या पाहणीत हे प्रमाण १.४९ टक्के निघाले आणि त्यातील सुमारे ८० टक्के अंधत्व मोतीबिंदूचे होते. म्हणून १९९४ पासून जागतिक बँकेच्या साहाय्याने सात राज्यांत मोठा प्रकल्प राबवला गेला. त्यांत महाराष्ट्रही होता. २००२ पर्यंत दीड कोटीच्या आसपास शस्त्रक्रिया झाल्या.

नेत्रशिबिरांच्या काळात यशाचे माप एकच असे, शस्त्रक्रियांचा आकडा. शिबिरात बहुधा डोळ्यातले भिंग आवरणासकट काढून टाकत आणि रुग्णाला जाड भिंगांचा चष्मा देत. तो चष्मा फुटला किंवा हरवला की माणूस पुन्हा चाचपडू लागे. सरकारी नोंदीत मात्र तो बरा झालेला. मदुराई येथे ३,४०० रुग्णांवर झालेल्या चाचणीने (निष्कर्ष १९९८) डोळ्यात कृत्रिम भिंग बसवलेल्यांची दृष्टी आणि रोजचे व्यवहार दोन्ही चष्मेवाल्यांपेक्षा चांगले असतात हे दाखवले. आज हे सांगायची गरज वाटत नाही, पण तेव्हा कृत्रिम भिंग गोरगरिबांसाठी परवडेल का, यावर खरोखरच वाद होता.

हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेने १९९६–२००० या काळात आंध्र प्रदेशात दहा हजारांवर लोकांचे डोळे तपासले. अंधत्व १.८४ टक्के आढळले आणि मोतीबिंदूचा वाटा ४४ टक्के. लक्ष वेधून घेणारी बाब निराळीच होती: १६ टक्के अंधत्व निव्वळ चष्म्याच्या नंबराचे होते. दृष्टी उत्तम चष्मा लावून मोजायची की माणूस दारात जसा उभा आहे तशी, या वरकरणी किरकोळ प्रश्नावर हा गट दिसणार की नाही हे ठरते.

व्याख्येचा दुसरा घोळ आकड्यांचा. भारतात बराच काळ चांगल्या डोळ्याची दृष्टी ६/६० पेक्षा कमी असल्यास, म्हणजे निरोगी डोळ्याला साठ मीटरवरून दिसते ते सहा मीटरवरूनही न दिसल्यास, अंध मानत. जागतिक आरोग्य संघटनेची सीमा ३/६० होती. ढोबळमानाने, समोर धरलेली बोटे सहा मीटरवरून मोजता येत नाहीत की तीन मीटरवरूनही नाहीत, असा हा फरक. २०१७ मध्ये भारताने ३/६० ही सीमा स्वीकारली. त्यामुळे २००६–०७ च्या एक टक्क्यावरून अंधत्व २०१५–१९ च्या पाहणीत ०.३६ टक्क्यांवर आले, हे विधान जसेच्या तसे घेऊ नये. पन्नाशीपुढच्यांची एकाच व्याख्येने, म्हणजे ३/६० ने तुलना केली, तर ३.६ टक्क्यांवरून १.९९ टक्के अशी घट दिसते. तीही थोडी नाही. फक्त जाहिरातीइतकी देखणी नाही.

अशा पाहण्या स्वस्तात करता येतात, याचे श्रेय ‘जलद पाहणी’ पद्धतीला जाते. हान्स लिम्बुर्ख व सहकाऱ्यांनी तिचे पहिले रूप १९९० च्या दशकात कर्नाटकात घडवले. बहुतेक अंधत्व पन्नाशीनंतरचे असल्याने फक्त त्याच वयाचे लोक घरोघर जाऊन तपासायचे आणि साधा दृष्टितक्ता व बॅटरी घेऊन काम उरकायचे, एवढे तिचे मर्म. बालकांच्या डोळ्यांबद्दल ती काही सांगत नाही आणि काचबिंदू किंवा मधुमेही नेत्रविकारांबाबत तिची साक्ष कच्ची असते.

शस्त्रक्रिया कोणत्या पद्धतीने करावी, यावर पुण्यातून मोलाचे संशोधन आले. एच. व्ही. देसाई नेत्ररुग्णालयात टाके घालण्याची जुनी पद्धत आणि लहान छेदाची ‘बिनटाक्याची’ पद्धत यांची ७४१ रुग्णांवर तुलना झाली (२००३). सहा आठवड्यांनी चष्म्याविना ६/१८ किंवा त्याहून चांगली दृष्टी पहिल्या गटात ३७.३, तर दुसऱ्यात ४७.९ टक्के रुग्णांना मिळाली. खर्च मात्र जवळपास सारखाच होता. दोन्ही पद्धतींना रुग्णालयाचे सरासरी सव्वासातशे रुपयांच्या आसपास पडत. पुढे २००५ मध्ये बिनटाक्याच्या पद्धतीची फेकोशी, म्हणजे यंत्राच्या ध्वनिलहरींनी मोतीबिंदू फोडून काढण्याच्या पद्धतीशी, तुलना झाली. चष्म्याविना फेको पुढे राहिली, पण चष्म्यासह दोन्ही गटांत ९८.४ टक्के रुग्ण त्या पातळीला पोहोचले. महागडे यंत्र नसलेल्या तालुक्याच्या दवाखान्याला हा निष्कर्ष मोठा आधार देणारा होता.

२०२१ मध्ये जागतिक आरोग्य सभेने ‘परिणामकारक मोतीबिंदू शस्त्रक्रिया व्याप्ती’ हा निर्देशांक स्वीकारला आणि २०३० पर्यंत तो ३० टक्के-बिंदूंनी वाढवण्याचे लक्ष्य ठेवले. ज्यांना शस्त्रक्रियेची गरज होती, त्यांपैकी किती जणांवर ती झाली आणि चांगले दिसूही लागले, हे त्यात एकत्र मोजतात. शस्त्रक्रिया न झालेली आजी आणि झाली तरी न दिसणारी आजी, दोघी इथे अपयशाच्याच बाजूला पडतात. आजी म्हणण्यालाही कारण आहे: पाहण्यांमध्ये स्त्रियांमधील अंधत्व पुरुषांपेक्षा जास्त आढळते. सोबत जायला कोणी नाही, ‘अजून भागतंय’, मोतीबिंदू पिकला की बघू, अशी कारणे त्यामागे असतात.

राहिला प्रश्न परत न येणाऱ्या रुग्णांचा. सहा आठवड्यांनी तपासायचे ठरवले, तर गावी गेलेला रुग्ण येतोच असे नाही. मग रुग्णालयाने आपले काम मोजायचे कसे? आशिया, आफ्रिका आणि लॅटिन अमेरिकेतील ४० केंद्रांच्या अभ्यासात (२०१३) शस्त्रक्रियेनंतर पहिल्या काही दिवसांत मोजलेली दृष्टी आणि चाळीस दिवसांनंतरची दृष्टी यांचा चांगला मेळ आढळला. त्यामुळे घरी पाठवण्याआधी दृष्टितक्त्यापुढे उभे करून घेतलेली नोंदही केंद्राच्या कामाचा दर्जा पारखायला उपयोगी पडते.