विदर्भ राज्याची मागणी

महाराष्ट्राच्या नागपूर व अमरावती या दोन महसूल विभागांतील अकरा जिल्ह्यांचे स्वतंत्र राज्य व्हावे, अशी मागणी. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली, अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा व वाशिम हे ते जिल्हे. क्षेत्रफळ सुमारे ९७,००० चौ. किमी. म्हणजे राज्याच्या एक-तृतीयांशाहून किंचित कमी. लोकसंख्या सुमारे २.३० कोटी (२०११), म्हणजे जेमतेम एक-पंचमांश. मोठी राज्ये मोडून लहान करावीत की नाही, या भारतभर चाललेल्या वादाचाच हा भाग. मात्र येथे प्रश्न भाषेचा नाही. एकाच भाषेची दोन राज्ये असावीत का, असा तो आहे.

नाव व व्याप्ती : ‘विदर्भ’ हे नाव प्राचीन असले, तरी अकराही जिल्ह्यांना मिळून ते लावण्याचा प्रघात अलीकडचा दिसतो. ‘दर्भ नसलेला देश’ ही रूढ व्युत्पत्ती लोकांच्या तोंडी असली, तरी फारशी विश्वसनीय नाही. रुक्मिणीच्या माहेराचे कुंडिनपूर म्हणजे अमरावती जिल्ह्यातील वर्धेकाठचे कौंडिण्यपूर, ही ओळख परंपरेने चालत आली आहे. कालिदासाच्या एका नाटकात शुंग राजा अग्निमित्र विदर्भाचे दोन भाग करून ते यज्ञसेन व माधवसेन या चुलतभावांना वाटून देतो आणि वरदा नदी ही सीमा ठरवतो. वरदा म्हणजे आजची वर्धा, हे बहुतेकांना मान्य आहे. योगायोग असा, की एकोणिसाव्या शतकातही हीच नदी सीमा होती : पश्चिमेला वऱ्हाड, पूर्वेला नागपूरकर भोसल्यांचा मुलूख. दोन्हींना मिळून एक नाव हवे, तेव्हा ‘महाविदर्भ’ आणि ‘नागविदर्भ’ हे शब्द चालू झाले असावेत. नुसते ‘विदर्भ’ त्यामानाने उशिरा रुळले. पूर्वेकडच्या धानाच्या झाडीपट्टीतील जुन्या माणसाला ‘वऱ्हाडी’ म्हटलेले आजही पटत नाही.

दोन मुलूख, दोन वाटा : हैदराबादी फौजेच्या थकलेल्या खर्चापोटी निजामाने १८५३ च्या तहाने वऱ्हाडचे जिल्हे इंग्रजांच्या कारभाराखाली दिले. त्याच वर्षी डिसेंबरात तिसरे रघूजी भोसले निपुत्रिक वारले आणि डलहौसीने नागपूरचे राज्य खालसा केले. एक मुलूख तारण म्हणून आला, दुसरा वारस नाही म्हणून. १८६१ मध्ये नागपूर ही मध्य प्रांताची राजधानी झाली; वऱ्हाड तेव्हा वेगळेच राहिले. १९०२ च्या करारान्वये वर्षाला २५ लाख रुपये खंडाने ते कायमच्या पट्ट्यावर घेण्यात आले व १९०३ पासून मध्य प्रांताला जोडले गेले. निजामाचे नामधारी स्वामित्व मात्र उरलेच. त्याच्या वारसाला १९३६ मध्ये ‘प्रिन्स ऑफ बेरार’ हा किताब मिळाला, तो याच आधारे. ‘मध्य प्रांत व वऱ्हाड’ या नावातला ‘व’ असा कायदेशीर आहे. ‘वऱ्हाड, सोन्याची कुऱ्हाड’ म्हणून ज्याची ख्याती, त्या कापसाच्या मुलखाचा महसूल जबलपूरकडच्या हिंदी जिल्ह्यांवर खर्च होतो, ही तक्रार या जोडणीनंतर वाढत गेली.

मागणीचा उगम : याबाबत मतभेद आहेत. पहिले मत १९०३ ची जोडणी हेच मूळ मानते. पण त्या काळातील तक्रार ही वऱ्हाडपुरती होती, तीत नागपूर नव्हते. दुसरे मत काँग्रेसच्या १९२० च्या नागपूर अधिवेशनाकडे बोट दाखवते. त्या वेळी प्रांतिक समित्या भाषावार आखल्या गेल्या, परंतु मराठी मुलखाला एकच समिती मिळाली नाही. पुण्याकडचा महाराष्ट्र, मुंबई शहर, नागपूर आणि वऱ्हाड अशा वेगवेगळ्या समित्या झाल्या. भाषा एक आणि प्रांत अनेक ही कल्पना संयुक्त महाराष्ट्राच्या कल्पनेपेक्षा जुनी आहे, असे या मताचे पुरस्कर्ते म्हणतात. यात तथ्य आहे. तरीही समित्यांची ही वाटणी पक्षाच्या कामाच्या सोयीची होती; तिला राज्याची मागणी म्हणणे ताणलेले वाटते.

तिसरे मत १ ऑक्टोबर १९३८ हा दिवस धरते. त्या दिवशी मध्य प्रांत व वऱ्हाडच्या विधानसभेने मराठी जिल्ह्यांचा स्वतंत्र प्रांत करावा, असा ठराव संमत केला. लेखी व अधिकृत पुरावा म्हणून हेच मत अधिक ग्राह्य ठरते. मात्र त्या ठरावाचा रोख कोणाकडे होता, हे पाहायला हवे. १९३८ ची मागणी महाकोशलापासून, म्हणजे प्रांतातील हिंदी जिल्ह्यांपासून, सुटण्याची होती. पुणे-मुंबईशी तिचा झगडा नव्हता, कारण तेव्हा त्यांच्याशी जोडलेच जायचे नव्हते. मे १९४६ मध्ये बेळगावच्या साहित्य संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला (अध्यक्ष नागपूरचेच संपादक ग. त्र्यं. माडखोलकर होते) आणि त्यानंतर मागणीचे तोंड फिरले. शब्द तेच राहिले, पण वेगळे व्हायचे ते आता मराठी भाषकांच्याच दुसऱ्या भागापासून. ‘विदर्भाची मागणी शंभर वर्षांची’ असे जाहीर सभांत सांगितले जाते, तेव्हा या दोन मागण्या एकात मिसळलेल्या असतात.

करार : ८ ऑगस्ट १९४७ रोजी अकोला येथे दोन्हीकडच्या पुढाऱ्यांत समझोता झाला. शंकरराव देव, बापूजी अणे, ब्रिजलाल बियाणी, धनंजयराव गाडगीळ प्रभृती त्यात होते. प्रांत एक, पण पश्चिम महाराष्ट्र व महाविदर्भ हे दोन उपप्रांत, त्यांना आपापले विधिमंडळ व मंत्रिमंडळ. आणि हे न जमल्यास महाविदर्भ वेगळा, असे त्याचे सूत्र होते. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारात उपप्रांत गळाला. त्याच्या जागी लोकसंख्येच्या प्रमाणात निधी व नोकऱ्या, नागपुरात उच्च न्यायालयाचे पीठ आणि शासनाने दरवर्षी ठरावीक काळ नागपुरास जाऊन विधिमंडळाचे निदान एक अधिवेशन तेथे भरवणे, अशी कलमे आली. यशवंतराव चव्हाण, भाऊसाहेब हिरे, रा. कृ. पाटील, पंजाबराव देशमुख, गोपाळराव खेडकर यांच्या सह्या त्यावर आहेत.

राज्य पुनर्रचना आयोग व नंतर : फाजल अली, पणिक्कर व कुंझरू यांच्या आयोगाने ३० सप्टेंबर १९५५ च्या अहवालात आठ मराठी जिल्ह्यांचे, सुमारे ७६ लाख लोकसंख्येचे विदर्भ राज्य सुचवले. (आजचे गोंदिया, गडचिरोली व वाशिम त्या आठांतूनच निघाले.) हा प्रदेश आर्थिकदृष्ट्या स्वतःच्या पायावर उभा राहू शकतो, असा आयोगाचा निष्कर्ष होता. त्याच वर्षी डॉ. आंबेडकरांनी मराठी मुलखाचे मुंबई शहर, पश्चिम, मध्य व पूर्व असे चार भाग सुचवले आणि उत्तर प्रदेशाचे तीन. उत्तर प्रदेश फोडावा, असे पणिक्करांनीही भिन्नमतपत्रिकेत लिहिले. आयोगाने त्यांचे ऐकले नाही आणि सरकारने आयोगाचे विदर्भाबाबत ऐकले नाही. १६ जानेवारी १९५६ रोजी विदर्भासह महाराष्ट्र, गुजरात व केंद्रशासित मुंबई अशी योजना जाहीर झाली. ऑगस्टात संसदेने तीही बदलून द्विभाषिक मुंबई राज्य केले. १ नोव्हेंबर १९५६ ला नागपूरची राजधानी गेली.

या बदलाला न्यायालयात आव्हान मिळाले. संविधानाच्या अनुच्छेद ३ नुसार राज्याची सीमा बदलणारे विधेयक राष्ट्रपतींच्या शिफारशीनेच मांडता येते आणि त्यांनी ते संबंधित विधिमंडळाकडे मत मागण्यासाठी धाडावे लागते. मुंबई विधिमंडळाकडे गेली ती तीन घटकांची योजना. मग द्विभाषिकावर मत घेतलेच कुठे, असा आव्हान देणारे बाबूलाल पराते यांचा मुद्दा होता. सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला : मत मागणे आवश्यक, मानणे नव्हे, आणि संसदेने दुरुस्ती केली म्हणून विधेयक पुन्हा धाडण्याचे कारण नाही. आंध्रच्या विधानसभेने नाकारूनही २०१४ मध्ये तेलंगण होऊ शकले, ते याच अर्थामुळे. विदर्भ अडला असेल, तर तो कायद्यामुळे अडलेला नाही.

आंदोलन व अनुशेष : १९६२ मध्ये बापूजी अणे आणि १९७१ मध्ये जांबुवंतराव धोटे विदर्भाच्या प्रश्नावर नागपुरातून लोकसभेवर गेले. ही मागणी व्यापारी व शहरी वर्गाची, ग्रामीण वऱ्हाड तीत मनापासून नाही, हा टीकाकारांचा जुना आक्षेप. वसंतराव नाईक यवतमाळ जिल्ह्यातले असून अकरा वर्षांवर मुख्यमंत्री होते, याचाही दाखला देतात.

पुढे वादाची भाषा ‘अनुशेष’ (विकासातील साचलेली तूट) या हिशेबी शब्दाकडे वळली. वि. म. दांडेकर समितीने (१९८४) राज्याची सरासरी हा मापदंड धरून कोणता जिल्हा किती मागे, हे काढले : एकूण सुमारे ३,१८७ कोटी रुपये, त्यांत विदर्भाचे सुमारे १,२४७ कोटी, म्हणजे ३९ टक्के. या पद्धतीत एक खोच आहे. सरासरीच्या पुढे गेलेल्या जिल्ह्याला थांबवले नाही, तर सरासरी सरकत राहते आणि भरलेला अनुशेष पुन्हा उघडतो. अनुच्छेद ३७१(२) मधील विकास मंडळांसाठी विधिमंडळाने १९८४ मध्येच ठराव केला; मंडळे आली १९९४ मध्ये. त्यांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली.

२००० मध्ये छत्तीसगड, उत्तराखंड व झारखंड झाली, विदर्भ राहिला. २०१६ मध्ये महाधिवक्ता श्रीहरी अणे (बापूजींचे नातू) यांना विदर्भापाठोपाठ मराठवाड्याचीही बाजू घेतल्यावर पद सोडावे लागले.

नागपूर कराराचे सर्वांत दृश्य रूप म्हणजे हिवाळी अधिवेशन. डिसेंबरात मंत्रालयातल्या फायलींचे गठ्ठे नागपुरास येतात, रविभवनाच्या बंगल्यांवर मंत्र्यांच्या पाट्या लागतात, आमदार निवास भरते आणि मोर्चे विधानभवनाच्या दिशेने निघून पोलिसांच्या कठड्यांशी अडतात. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी अशाच मोर्चात चेंगराचेंगरी होऊन गोवारी समाजाचे ११४ जण दगावले. त्यांचे स्मारक शहरात आहे. अधिवेशन दोन-तीन आठवड्यांत उरकते. ‘हुरडा खायला आले नि गेले’ हा नागपूरकरांचा शेरा करारातील ‘ठरावीक काळ’ या शब्दांवरचे भाष्यच म्हणायचे. २०२० व २०२१ मध्ये ते मुंबईतच भरले. डिसेंबर २०२२ मध्ये पुन्हा नागपुरास आले.