हॅरी जेम्स आणि बंदीच्या काळातल्या रेकॉर्ड्स

अमेरिकन ट्रम्पेटवादक आणि बँडलीडर हॅरी जेम्सच्या कारकिर्दीचा हिशेब मांडताना १९४२ ते १९४४ ही वर्षं बाजूला काढून बघावी लागतात. वादकांच्या संघटनेने रेकॉर्डिंगवर बंदी घातल्याने ऑगस्ट १९४२ नंतर सव्वादोन वर्षं त्याच्या बँडने बाजारासाठी एकही रेकॉर्ड केली नाही, आणि त्याच्या रेकॉर्ड्स सर्वांत जास्त गाजल्या त्याही नेमक्या याच काळात.

सर्कशीच्या बँडमधलं बालपण, नामवंत बँडलीडर बेनी गुडमनकडची नोकरी, १९३९ च्या सुरुवातीला उभा केलेला स्वतःचा बँड हे सगळं सर्वश्रुत आहे. पहिली दोन वर्षं ओढाताणीची गेली. १९४० मध्ये मोठी रेकॉर्ड कंपनी सुटून स्वस्तातल्या कंपनीसाठी वाजवायची पाळी आली. १९४१ मध्ये कोलंबिया या मोठ्या कंपनीकडे परतल्यावर त्याने बँडला व्हायोलिनची जोड दिली आणि मे महिन्यात ‘यू मेड मी लव्ह यू’ वाजवलं. जॅझवाल्या समीक्षकांनी त्याला याबद्दल कधी माफ केलं नाही. गोड वाजवणं हा गुन्हा असेल तर तो त्याने राजरोस केला, आणि त्यावरच पुढे मोठा बँड पोसला.

खरा वाद मात्र वेगळाच. १ ऑगस्ट १९४२ पासून अमेरिकेतल्या वादकांच्या संघटनेने आपल्या सभासदांना रेकॉर्डिंगची बंदी केली. ज्यूकबॉक्स (नाणं टाकलं की रेकॉर्ड वाजवणारी यंत्रं) आणि रेडिओ केंद्रं एकच रेकॉर्ड हजार वेळा वाजवतात, त्यातून वादकाला छदाम मिळत नाही, उलट त्याचीच हॉटेलातली नोकरी जाते, हे संघटनेचं म्हणणं. प्रत्येक रेकॉर्डमागे ठरावीक रक्कम द्या, त्यातून बेकार वादकांसाठी निधी उभारू, अशी मागणी होती. मागणीत खोट काढण्यासारखं फारसं काही नव्हतं. पण गायक संघटनेचे सभासद नव्हते, त्यामुळे बंदी त्यांना लागू नव्हती. कंपन्यांनी ती फट लगेच हेरली: वाद्यांऐवजी मागे कोरस उभा केला आणि गायकांच्या रेकॉर्ड्स काढणं सुरू ठेवलं. बेकार वादकांसाठी मांडलेल्या लढ्यात वादकच बाजारातून बाहेर गेले आणि गायकांना मैदान मोकळं मिळालं.

बंदीची चाहूल आधीच लागल्याने जुलैभर स्टुडिओत नुसती झुंबड होती. जेम्सने गायिका हेलन फॉरेस्टला घेऊन ‘आय हॅव्ह हर्ड दॅट साँग बिफोर’ रेकॉर्ड केलं ते ३१ जुलैला, म्हणजे अगदी शेवटच्या दिवशी. १९४३ मध्ये ते खपाच्या यादीत १३ आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं. युद्धामुळे कच्च्या मालाचीही चणचण होती. रेकॉर्डसाठी लागणारं शेलॅक लाखेपासून बनतं, आणि ती लाख मुख्यतः भारतातून, छोटा नागपूरकडच्या जंगलांतून जायची. एप्रिल १९४२ मध्येच अमेरिकी सरकारने रेकॉर्डसाठीच्या शेलॅकच्या वापरात ७० टक्के कपात केली होती. म्हणजे जे थोडं छापायचं ते हमखास खपणारंच हवं.

त्यासाठी कंपन्यांनी जुनी कपाटं उपसली. ३१ ऑगस्ट १९३९ रोजी जेम्सच्या बँडबरोबर फ्रँक सिनात्रा नावाच्या नवख्या पोराने ‘ऑल ऑर नथिंग अ‍ॅट ऑल’ गायलं होतं. तेव्हा त्याच्या जेमतेम ८,००० प्रती गेल्याचं सांगतात. १९४३ मध्ये कंपनीने तीच रेकॉर्ड पुन्हा काढली, आणि या खेपेला खप दहा लाखांवर गेला. वाजवणारे तेच, गाणारा तोच. बदललं होतं फक्त रेकॉर्डवर चिकटवलेलं लेबल. आधी बँडचं नाव ठळक आणि गायक खाली बारीक अक्षरांत असायचा. आता गायक मोठ्या अक्षरांत, आणि ज्याने त्याला पहिल्यांदा कामावर ठेवलं तो जेम्स ‘साथीला’. १९४१ मध्ये गायक डिक हेम्सबरोबर केलेलं ‘आय विल गेट बाय’ही असंच १९४४ मध्ये पहिल्या क्रमांकावर पोचलं.

कोलंबियाने नोव्हेंबर १९४४ मध्ये संघटनेची अट मान्य केली. तोवर इतर काही कंपन्या वर्षभर आधीच मोकळ्या झाल्या होत्या. तो उशीर जेम्सला भोवला, याकडे सहसा दुर्लक्ष होतं. १९४५ मध्ये गायिका किटी कॅलनबरोबरचं ‘इट्स बीन अ लाँग, लाँग टाइम’ धोधो चाललं खरं, पण १९४६ च्या अखेरीस इतर अनेक बँडलीडरांबरोबर त्यालाही बँड मोडावा लागला. पुढच्याच वर्षी त्याने तो पुन्हा उभा केला, तर १९४८ मध्ये त्याच संघटनेची दुसरी बंदी आली.

१९५५ नंतर कॅपिटॉल या कंपनीसाठी त्याने आपली जुनी गाणी हाय-फायमध्ये, म्हणजे जास्त स्पष्ट आवाजाच्या मुद्रणात, नव्याने वाजवली, पण बँडचा बाज हळूहळू जॅझ बँडलीडर काउंट बेसीच्या वळणावर गेला. मला विचाराल तर त्याचं उत्तम वाजवणं याच काळातलं आहे, गाजलेल्या काळातलं नाही. १९७६ ते १९७९ मध्ये त्याने टेप न वापरता थेट तबकडीवर मुद्रण करणाऱ्या एका छोट्या कंपनीसाठी तीन रेकॉर्ड्स केल्या. त्या पद्धतीत अख्खी बाजू एका दमात वाजवावी लागते. कोणी चुकला की पुन्हा पहिल्यापासून. त्या वेळी त्याने साठी ओलांडलेली होती.