श्रीमंतांचा राग नेमका कधी येतो?

श्रीमंत-गरिबांतली दरी इतकी वाढलीय की चिनी जनता आता पेटून उठणार, असं भाकीत २००० नंतरच्या दशकात वरचेवर केलं जाई. हार्वर्डचे समाजशास्त्रज्ञ मार्टिन व्हाइट यांनी २००४ मध्ये देशभर पाहणी केली, तर भलतंच निघालं. माणूस गरीब का राहतो? कुवत कमी, कष्ट कमी, शिक्षण कमी, ही उत्तरं सर्वांत वर. ‘आपल्या देशात कष्टाचं चीज होतंच’ हे सुमारे ६२ टक्के लोकांना मान्य होतं. आणि ज्यांच्या पदरात सर्वांत कमी पडलं होतं, ते शेतकरीच शहरी शिकलेल्यांपेक्षा कमी चिडलेले!

अर्थशास्त्राचं एक प्रसिद्ध गणित सांगतं की विषमता वाढली की श्रीमंतांवर जास्त कर लावून पैसा खाली वाटा, ही मागणीही वाढते. गणित चोख आहे. माणसं तशी वागत नाहीत. का, ते अर्थशास्त्रज्ञ अल्बर्ट हर्शमन यांनी १९७३ मध्येच सांगून ठेवलं होतं. समजा, बोगद्यात एकाच दिशेने जाणाऱ्या गाड्यांच्या दोन्ही रांगा ठप्प आहेत. शेजारची रांग हलली की आधी बरंच वाटतं, आता आपलाही नंबर येणार म्हणून. बराच वेळ फक्त तीच हलत राहिली, की मग डोकं फिरतं.

चीनमध्ये ती वेळ आलेली दिसते. २०२३ च्या पाहणीत कष्टांवर विश्वास असणारे ३० टक्क्यांच्याही खाली आले, आणि गरिबीच्या कारणांत असमान संधी आणि अन्याय्य अर्थव्यवस्था वर चढल्या. श्रीमंती म्हटली की आता वशिला आणि घराणं आठवतं. ही पाहणी ऑनलाइन होती, २००४ ची समोरासमोर बसून. त्यामुळे आकडे काटेकोर ताडून पाहू नयेत. पण एवढी मोठी घसरण केवळ पद्धतीतल्या फरकाची असेल, हे मला पटत नाही.

दक्षिण कोरियात गुंता वेगळा आहे. उत्पन्नातली दरी फार आहे, ती सरकारने कमी करावी, असं तिथे बहुसंख्य लोक सांगतात. पण जून २०२० मध्ये इंचॉन विमानतळाने सुमारे १,९०० कंत्राटी सुरक्षा कर्मचाऱ्यांना थेट सेवेत घ्यायचं ठरवलं आणि तरुण खवळले. सरकारी कंपन्यांच्या परीक्षांसाठी आम्ही वर्षानुवर्षं घासायचं आणि हे परीक्षेविना कायम? विरोधातल्या ऑनलाइन अर्जावर बघता बघता दोन लाखांवर सह्या पडल्या. दरी नको होतीच, पण परीक्षेचा मान त्याहून मोठा ठरला.

त्याच देशात म्हाताऱ्यांपैकी जवळपास ४० टक्के गरिबीत आहेत. श्रीमंत देशांत हे प्रमाण फार क्वचित दिसतं. राष्ट्रीय पेन्शन योजना सुरू झाली १९८८ मध्ये, तोवर त्यांच्यातल्या अनेकांची उमेदीची वर्षं उलटत आली होती. त्यांनी आता कुठली परीक्षा द्यायची?