पार्श्वभूमी: विमानाची काच आणि ‘विचलन’ या शब्दाचा घोळ

१९३०च्या दशकात अॅक्रिलिक हे पारदर्शक प्लास्टिक आले आणि लढाऊ विमानांना घुमटाकार कॅनोपी, म्हणजे वैमानिकाच्या डोक्यावरचे काचेसारखे आवरण, मिळाली. तपासणीची जुनी पद्धत साधी होती: पलीकडे चौकटींचा फलक ठेवायचा, कॅनोपीतून त्याचा फोटो काढायचा आणि रेघ कुठे किती वाकली ते पाहायचे. अजूनही तसेच करतात.

ही पद्धत तोकडी पडली ती १९७०च्या दशकात. पक्ष्यांच्या धडकेपुढे टिकाव धरायचा म्हणून पॉलिकार्बोनेट हे चिवट प्लास्टिक आले आणि एफ-१६ या अमेरिकी लढाऊ विमानाला तर समोर चौकटच नसलेली सलग कॅनोपी बसली. काच जाड, वक्र आणि खूप तिरकी. घोळ इथेच झाला. तिरक्या काचेतून जाणारा किरण दोन तऱ्हांनी हलतो. एकात तो समांतर राहून नुसता बाजूला सरकतो, दुसऱ्यात त्याची दिशाच बदलते. दोन्हींना सरसकट ‘विचलन’ म्हटले जाई. २० मिलिमीटर जाडीच्या सपाट काचेवर लंबाशी ६० अंशांत पडलेला किरण सुमारे १० मिलिमीटर सरकतो. किलोमीटरभर दूरच्या लक्ष्यासाठी हे नगण्य. दिशा मात्र एक मिलिरेडियनने (अंशाच्या सुमारे सतराव्या भागाने) बदलली, तर तिथे एक मीटरची चूक होते. तीन मीटरवरच्या फलकावर हीच चूक जेमतेम ३ मिलिमीटर दिसते, म्हणजे सरकण्याखाली दडून जाते. उपाय भिंगाने दिला: समांतर किरण कितीही सरकले तरी भिंग त्यांना एकाच बिंदूत आणते, त्यामुळे उरतो तो केवळ दिशेतला फरक.

मग एफ-१६साठी एक वादग्रस्त निर्णय झाला. निर्दोष कॅनोपीचा हट्ट सोडून प्रत्येक कॅनोपीचे विचलन मोजायचे आणि दुरुस्तीचे आकडे हेड-अप डिस्प्लेच्या (वैमानिकाच्या नजरेसमोर नेमाची खूण दाखवणाऱ्या पडद्याच्या) संगणकात भरायचे. हुशारी खरी, पण दुरुस्ती डोळ्याच्या एका ठरावीक जागेपुरती. डावा आणि उजवा डोळा कॅनोपीच्या वेगवेगळ्या भागांतून पाहतात; त्यांच्यातल्या फरकाने येणारा ताण संगणकाला कसा घालवता येणार? निळ्या आकाशाच्या ध्रुवीभूत (मुख्यतः एकाच दिशेत कंप पावणाऱ्या) प्रकाशात पॉलिकार्बोनेटवर उमटणारे इंद्रधनुषी पट्टेही त्या आकड्यांत येत नाहीत.

रात्रदर्शी चष्म्यांनी आणखी एक मोजमाप वाढवले. हे चष्मे डोळ्यांना न दिसणाऱ्या निकट अवरक्त प्रकाशावरही चालतात आणि काही कॅनोपींवरचा सोन्याचा पातळ थर नेमका तोच बराचसा परतवतो. दिवसा पारदर्शकतेत पास झालेली काच रात्री अंधारी ठरू शकते, म्हणून त्या चष्म्यांच्या संवेदनशीलतेनुसार पारगमन, म्हणजे काचेतून पार जाणारा प्रकाश, वेगळे मोजावे लागते.