जिग-स्पिनर

गळाच्या दांडीवर शिशाचे डोके ओतलेली जिग आणि तिला जोडलेले धातूचे फिरते पाते, असे हे गोड्या पाण्यातल्या मासेमारीचे कृत्रिम आमिष आहे. ते फक्त शिकारी माशांसाठी उपयोगी पडते. कणकेच्या गोळीवर रोहू-कटला धरणाऱ्याला त्याचा उपयोग नाही.

जिगचा डोळा (दोर बांधायची कडी) डोक्याच्या वरच्या बाजूला असतो, त्यामुळे ओढताना गळाचे टोक वर राहते आणि तळाला कमी अडकते. गळावर रबरी शेपूट किंवा पिसे चढवतात. पाते जोडण्याची रूढ पद्धत म्हणजे सेफ्टी पिनसारखी वाकवलेली तार. तिच्या खालच्या टोकाला जिग, वरच्या टोकाला स्विव्हल (स्वतःभोवती फिरणारी कडी) व पाते आणि मधल्या वाकात दोर बांधतात. दुसऱ्या प्रकारात पाते जिगच्या डोक्याखालीच लटकते. तारेच्या प्रकारात ओढताना झाडझाडोऱ्याला घासून तार पुढे येते आणि गळ मागे सुरक्षित राहतो, म्हणून नवशिक्याने तारेच्या प्रकारानेच सुरुवात करावी.

पाते नुसते चमकण्यासाठी नसते. फिरताना ते पाणी हलवते आणि ही थरथर माशाला अंगाच्या दोन्ही बाजूंनी जाणाऱ्या संवेदनरेषेवर कळते. डोळ्यांना दिसण्याआधीच शिकार जवळ आल्याची खबर मिळते. शिवाय पाते आमिषाला उचलून धरते, त्यामुळे तेवढ्याच वजनाच्या साध्या जिगपेक्षा ते सावकाश बुडते आणि उथळ पाण्यातही हळू ओढता येते. गोल, खोलगट ‘कोलोरॅडो’ पाते सावकाश फिरते, पण जोरदार ठोके देते. लांबट, निमुळते ‘विलो’ पाते भराभर फिरून चमक जास्त आणि थरथर कमी देते. ‘इंडियाना’ या दोन्हींच्या मधले.

माळव्याच्या पाण्यात हा फरक नीट दिसतो. पावसात काळ्या मातीचा गाळ उतरून इंदूरच्या आसपासचे तलाव गढूळ होतात, आणि मध्य प्रदेशात नद्या व त्यांच्याशी जोडलेल्या पाण्यात १६ जून ते १५ ऑगस्ट मासेमारीला बंदी असते. बंदी उठते तेव्हा पाणी अजून गढूळच असते. अशा वेळी विलो लावून भराभर रीळ गुंडाळणे म्हणजे निव्वळ व्यायाम. कोलोरॅडो पाते लावावे आणि काठीच्या टोकाला ठोके जाणवतील इतकेच हळू ओढावे. ठोके एकाएकी थांबले तर पात्यात शेवाळ अडकले किंवा माशाने तोंड घातले. दोन्ही वेळा झटका द्यायचा. हिवाळ्यात पाणी निवळले की विलो बाहेर काढावे.

आमिषाला प्रामुख्याने मरळ आणि शिवडा (इथले हिंदी नाव पढीन) लागतात. दाट पाणवनस्पतींत मरळीसाठी झाकल्या गळाचा रबरी बेडूक बरा. जिग-स्पिनर वनस्पतींच्या कडेने ओढायचा. साधारण ३.५ ते ७ ग्रॅमची जिग पुरते. स्विव्हलवर मात्र काटकसर करू नये: पात्यावर फुंकर मारून ते फिरत नसेल, तर पाण्यात हळू ओढतानाही फिरणार नाही.

इंदूरहून खंडव्याकडे जाताना लागणारी चोरल नदी नर्मदेला मिळते. नर्मदेच्या खोऱ्यातला महसीरही फिरत्या पात्यावर येतो, पण तो आता दुर्मीळ आहे आणि मध्य प्रदेशचा राज्य मासा आहे. लागलाच तर सोडून द्यावा.

सिरपूर तलाव आणि गंभीर नदीवरचा यशवंत सागर ही दोन्ही होळकरकालीन पाणथळे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीत आहेत. तिथे परवानगीशिवाय गळ टाकूच नये. तुटून तळाशी राहिलेले शिसे पाणपक्षी खड्यांसोबत गिळतात आणि विषबाधेने मरतात. याच कारणाने इंग्लंडमध्ये १९८७ पासून लहान शिशाच्या वजनांवर बंदी आहे. टंगस्टनच्या जिगचे डोके तेवढ्याच वजनाला लहान असते, पण ती बरीच महाग पडते.