टपरीवरच्या गोलात जागा कशी होते

आमच्या ऑफिसच्या खाली चहाची टपरी आहे, सकाळी अकराला आणि दुपारी चारला आम्ही पाच-सहा जण तिथे जमतो. दीडेक वर्षापूर्वी आमच्या मजल्यावर एक मुलगा नवीन जॉइन झाला, कामात एकदम पक्का, पण टपरीवर आला की गोलाच्या बाहेर हातभर लांब ग्लास धरून उभा. कुणी काही विचारलं तर एका शब्दात उत्तर. आणि मग गप्पा कुणाच्या तरी कोकणातल्या सुट्टीवर पोचलेल्या असताना हा मध्येच सांगायचा की पानशेत धरणाचा साठा गेल्या वर्षीपेक्षा किती कमी आहे, कारण पाच मिनिटांपूर्वी कुणीतरी पाणीकपातीचा विषय काढला होता. सगळे क्षणभर गप्प, कुणीतरी "हो का" म्हणायचं, आणि दुसऱ्या दिवशी तो आणखी अर्धा हात मागे.

आपल्याकडे अशा माणसासाठी शब्द भरपूर आहेत: घुमा, एकलकोंडा, शिष्ट, माणूसघाणा. सगळे थेट स्वभावावर जाणारे. पण त्याला माणसं नको असती तर तो रोज दोनदा तीन मजले उतरून आलाच नसता ना. हे माझ्या डोक्यात बसलं आणि मग मी यावर काय काय संशोधन झालंय ते वाचायला लागले.

पहिली गोष्ट जी वाचून मी खरंच थक्क झाले ती म्हणजे वेळेचं गणित. २००९ साली नेदरलँड्समधल्या माक्स प्लांक भाषा-मानसशास्त्र संस्थेतल्या संशोधकांनी जगातल्या दहा भाषांमधल्या खऱ्या गप्पा तपासल्या (मराठी त्यात नाही, भारतातली कुठलीच नाही, कुणीतरी करायला हवं) आणि प्रश्न संपल्यापासून उत्तर सुरू होईपर्यंतचा वेळ मोजला. सरासरी निघाली साधारण २०० मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा पाचवा भाग. आता गंमत बघा, नुसतं एका चित्राकडे बघून त्याचं नाव तोंडातून बाहेर पडायला मेंदूला ६०० मिलिसेकंदांच्या आसपास लागतात. म्हणजे समोरच्याचं वाक्य संपायची वाट बघत बसलात तर तुम्ही आधीच उशीर केलाय! आपण सगळे समोरचा बोलत असतानाच त्याचं वाक्य कुठे संपणार याचा अंदाज बांधतो, आपलं उत्तर आत तयार ठेवतो आणि फट मिळाली की आत शिरतो, आणि हे सगळं आपल्याला कळतसुद्धा नाही. ज्याचा हा अंदाज जरा मागे पडतो त्याची प्रत्येक फट हुकते. सहा जणांच्या गप्पांमध्ये तर पाच जण त्याच फटीवर टपलेले असतात. त्याचं पानशेत उशिरा यायचं ते असं, वाक्य तयार होतं, जागा मिळत नव्हती.

आणि ती नंतरची शांतता. नेदरलँड्समध्येच झालेल्या एका प्रयोगात गप्पांच्या मध्ये फक्त चार सेकंदांची शांतता आली तरी लोकांना आपण नकोसे झालोय असं वाटलं. चार सेकंद! आमच्या "हो का"च्या आधी तेवढी तर रोज जात असणार.

दुसरी गोष्ट पायांची. ॲडम केंडन नावाच्या संशोधकाने उभं राहून गप्पा मारणारी माणसं बारकाईने बघितली होती. माणसं अशी उभी राहतात की मधोमध एक मोकळी जागा तयार होते, जिच्यावर सगळ्यांचा सारखा हक्क असतो, आणि बाहेरचा माणूस आत कधी येतो, तर आतल्यांनी पाय हलवून गोल मोठा केला तर. बाहेरच्याने कितीही जोर लावला तरी आतल्यांनी सरकल्याशिवाय ते होत नाही. हे वाचल्यावर दुसऱ्या दिवशी मी एवढंच केलं, तो आला तशी एक पाऊल डावीकडे सरकले आणि खांदा जरा वळवला. तो येऊन त्या जागेत उभा राहिला. काही बोलला नाही, पण उभा राहिला.

इथे एक सांगते, मी त्याला कुठलंही लेबल लावत नाहीये, ते तज्ज्ञांचं काम. कुणी नुसतं बुजरं असतं, कुणाला चारचौघांत बोलायची इतकी भीती असते की सगळं लक्ष स्वतःच्या आवाजावर आणि हातांवर जातं आणि समोरचा काय म्हणतोय तेच निसटतं, कुणी ऑटिस्टिक (स्वमग्न) असतं. कारणं वेगळी, आणि भीती किंवा त्रास मोठा असेल तर खरी मदत मानसोपचार करणाऱ्यांकडेच मिळते. पण एक गोष्ट मात्र सगळ्यांनी वाचावी. डेमियन मिल्टन हे ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ स्वतः ऑटिस्टिक आहेत, त्यांनी २०१२ साली मांडलं की न समजणं दोन्ही बाजूंनी असतं, त्याला आपण कळत नाही तसा तो आपल्यालाही कळत नाही, मग दोष एकट्याचाच का? २०१७ साली अमेरिकेतल्या नोआ सॅसन यांच्या गटाने ऑटिस्टिक माणसांच्या छोट्या क्लिप्स अनोळखी लोकांना दाखवल्या, तर पहिलं मत काही सेकंदांत आणि नावडतं झालं. पण त्याच माणसांचं तेच बोलणं नुसतं कागदावर लिहून दिलं तेव्हा हा फरक राहिलाच नाही. म्हणजे बोलण्यात काही वाईट नव्हतंच. लोक आवाजाची पट्टी, नजर, उभं राहणं यावरून ठरवून मोकळे झाले होते. मला हे वाचून वाईट वाटलं, कारण मीही पहिल्या आठवड्यात तेच केलं होतं.

मग त्याच्याशी बोलायचं ठरवलं, पण एकट्याशी, आणि त्याला हवं असेल तरच. जिन्यात विचारलं, "अरे, टपरीवर यायला आवडतं का तुला?" तो म्हणाला, "आवडतं ताई, पण मध्ये कधी बोलायचं ते कळत नाही." इतकं सरळ! त्याला "जरा मोकळा हो रे" असं आयुष्यभर सांगितलं गेलं होतं आणि त्यात करायचं काय हे कुणीच सांगितलं नव्हतं.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिसमधल्या केंद्रात एलिझाबेथ लाउगसन यांनी 'पीअर्स' नावाचा १६ आठवड्यांचा कोर्स तयार केलाय, त्यातली मला सगळ्यात पटलेली गोष्ट अशी की मोठी माणसं जे सल्ले देतात ते न शिकवता, ज्यांना जमतं ती माणसं प्रत्यक्षात काय करतात ते पायऱ्या करून शिकवायचं. आपण सांगतो, जा, हॅलो म्हण, ओळख करून दे. असं खरं तर कुणीच करत नाही! जमणारी माणसं आधी जवळ उभं राहून ऐकतात, विषय काय चाललाय ते पकडतात, बोलण्यात जरा खंड पडायची वाट बघतात आणि त्याच विषयावरचं छोटं काहीतरी बोलून आत येतात. मी त्याला हेच सांगितलं. "म्हणजे आधी नुसतं ऐकलं तरी चालतं?" त्याला हे माहीतच नव्हतं, त्याला वाटायचं गप्प उभं राहणं हाच गुन्हा.

अजून एक, समोरच्याने जे सांगितलं त्यावरच पुढचा प्रश्न विचारणं. हार्वर्डमधल्या एका गटाने २०१७ साली दाखवलं की असे प्रश्न विचारणारी माणसं समोरच्याला जास्त आवडतात. बोलायला सुचत नसेल त्याला हे फार सोपं पडतं. आणि हे आमच्यासाठीही होतं, मी त्याला जूनमध्ये विचारलं की पुण्याला पाणी देणारी चारही धरणं मिळून किती टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मावतं, तर तो म्हणाला २९च्या थोडं वर, आणि मग टेमघर लहान असून पाऊस तिथे किती पडतो, खडकवासल्यातून विसर्ग कधी करावा लागतो, सगळं इतकं छान सांगितलं की टपरीवाले मामासुद्धा ऐकत राहिले.

वेळ लागतोच. जेफ्री हॉल या अमेरिकन संशोधकाच्या हिशोबाप्रमाणे नुसत्या ओळखीची मैत्रीकडे पहिली पायरी चढायला साधारण ५० तास एकत्र घालवावे लागतात. दिवसाला पंधरा मिनिटांचे दोन चहा धरले तर शंभर कामाचे दिवस, म्हणजे जवळजवळ पाच महिने. आम्ही तिसऱ्या आठवड्यातच त्याला घुमा ठरवून टाकलं होतं.

मी त्याला नजर भिडव, हसत रहा, असलं काही सांगितलं नाही आणि तुम्हीही सांगू नका. दिवसभर दुसऱ्यासारखं वागायचं सोंग घेऊन माणूस पार थकून जातो, ऑटिस्टिक लोकांनी हे स्वतः संशोधकांना सांगितलेलं आहे. तो आजही बोलताना ग्लासाकडेच बघतो. बघू दे की.

टीम लंचला मात्र तो अजून येत नाही. चौदा जणांचं लांबलचक टेबल, तीन बाजूंना तीन विषय. एका गप्पेत साधारण चारच माणसं नीट टिकतात, पुढे तिचे तुकडे पडतात हे रॉबिन डनबार यांनी नव्वदच्या दशकातच मोजून ठेवलंय, त्यामुळे तिथे कुठल्या तुकड्यात शिरायचं हेच त्याला कळत नाही. त्या दिवशी त्याच्यासकट आम्ही तिघं साडेदहालाच टपरीवर जाऊन येतो.