जेरिटवर दुरुस्ती पाठवताना चेंज-आयडी सांभाळा
(आमच्या राजारामपुरीतल्या वर्गाच्या विद्यार्थ्यांसाठी)

"सर, दुरुस्ती पाठवली, पण जुन्या बदलात दिसत नाही. नवीनच बदल उघडलाय." दर आठवड्याला हा फोन येतो, म्हणून एकदा सविस्तर लिहून देतो. (जेरिट म्हणजे प्रकल्पात घेण्याआधी कोड इतरांकडून तपासून घ्यायची वेबवरची सोय.)

गिटहबवर पुल रिक्वेस्टला (आपला कोड घ्या या विनंतीला) आणखी एक कमिट (गिटमधली, संदेशासह केलेली बदलाची नोंद) जोडली की भागतं. ती सवय जेरिटवर नडते. मराठी विकिपीडिया ज्यावर चालतो ते मीडियाविकी, तसंच अँड्रॉइड आणि लिबरऑफिस यांचा कोड जेरिटवर तपासला जातो. तिथे एक कमिट म्हणजे एक बदल. रिव्ह्यूअरने, म्हणजे कोड तपासणाऱ्याने, सांगितलेली दुरुस्ती त्याच कमिटमध्ये अमेंड करून (नवी कमिट न करता आधीचीच सुधारून) घालायची. मग ती 'पॅच सेट 2', म्हणजे त्याच बदलाची दुसरी आवृत्ती, म्हणून जुन्या चर्चेखालीच येते.

अमेंड करूनही घोळ होतो, तो असा. कमिट संदेशाच्या शेवटी चेंज-आयडीची ओळ असते: आय आणि पुढे 40 अक्षरं-आकडे. जेरिट बदल ओळखतं ते यावरूनच. घाईत अमेंडसोबत 'डॅश एम' (-m) देऊन नवा संदेश लिहिलात, की जुना संदेश आयडीसकट पुसला जातो. हुक (कमिट करताना आपोआप चालणारी छोटी स्क्रिप्ट) लगेच नवा आयडी घालतो आणि पाठवल्यावर नवा बदल उघडतो. गेल्या पावसाळ्यात इचलकरंजीहून येणाऱ्या एका मुलाचे एकाच ओळीच्या दुरुस्तीसाठी चार बदल झाले. रिव्ह्यूअरने नेमका कोणता बघायचा?

संदेश बदलायचा नसेल तर अमेंडसोबत 'नो-एडिट' (--no-edit) वापरा. बदलायचा असेल तर एडिटर उघडू द्या आणि शेवटच्या ओळीला हात लावू नका. आयडी गेलाच असेल तर जेरिटच्या पानावरून जुना उचलून संदेशाच्या शेवटच्या परिच्छेदात चिकटवा, पुन्हा पाठवा, आणि चुकून उघडलेला बदल अबँडन करा, म्हणजे सोडून द्या.

रिव्ह्यूअरकडून उणे एक (-1) मत मिळालं म्हणजे नापास नव्हे. 'आहे तसं घेता येत नाही, सुधारा' एवढाच त्याचा अर्थ.

पालक विचारतात, पहिले दोन आठवडे मुलं नुसती वाचतच का बसतात? दुसऱ्यांच्या बदलांवरची चर्चा वाचल्याशिवाय स्वतःला आलेली टिप्पणी कळत नाही, हा आमचा अनुभव आहे. आम्ही कुणाचाही कोड लिहून देत नाही. रिव्ह्यूअरने प्रश्न विचारला तर उत्तर तुम्हालाच द्यायचं असतं.

अडलेला बदल असेल तर शनिवारी सकाळी लॅपटॉप घेऊन या. जुन्या विद्यार्थ्यांना त्या तासाची फी नाही. नवीन कुणी मित्र सोबत आला तरी बसू द्या, आधी हुक बसवून घेऊ.